दुसरा फटका

बेळगावच्या वडगावातून येळ्ळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी रोज सकाळी चालते. शाळेतून निवृत्त झाले, पाठोपाठ डॉक्टरांनी साखर असल्याचं सांगितलं, तेव्हापासूनचा हा नेम. घरातून निघताना यंत्रमागांची खटखट कानात असते. ती हळूहळू मागं पडते, शेवटची घरं संपतात आणि दोन्ही बाजूंना भाताचं शिवार लागतं. पावसाळ्यात समोरचा राजहंसगड ढगात असतो. कधी दिसतो, कधी नुसता तिथं आहे असं वाटतं. इतक्या वर्षांत या रस्त्यावर मला कशाची भीती वाटली नव्हती.

जुलैचे दिवस होते. रोप लावणीची घाई चालू होती. माझ्या हातात लाकडी मुठीची लांब छत्री होती, ह्यांची जुनी. शिवारात आता मध्येच बंगले उठलेत. भाताच्या चिखलात भराव टाकून, कंपाउंड घालून बांधलेले. त्यातल्याच एका बंगल्याचं गेट उघडं होतं. अंगणात पस्तिशीतला एक माणूस दात घासत उभा होता. त्याच्या पायाजवळून एक कुत्रं उठलं आणि सरळ माझ्याकडं आलं. फिकट तपकिरी रंगाचं, पोट खपाटीला गेलेलं, पाय लांब. मुधोळ जातीचं, हे लांबूनच कळलं.

तोंडातला फेस थुंकून तो माणूस म्हणाला, "काकू, काय करत नाही ओ ते. भिऊ नका. नुसत्या उभ्या राहा."

मी उभी राहिले. त्याच्या शब्दावर विसंबून उभी राहिले.

कुत्रं भुंकत आलं आणि चार हातांवर थांबलं. त्या क्षणी मी जे केलं ते आपण सगळेच करतो. खाली वाकले, दगड उचलल्यासारखं केलं आणि "हाड!" म्हणून ओरडले. रस्त्यावरचं कुत्रं असतं तर तेवढ्यावर मागं फिरलं असतं. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना माणसाचं वाकणं कळतं. लहानपणापासून त्यांनी दगड पाहिलेले असतात, खाल्लेले असतात. बंगल्यात वाढलेल्या या कुत्र्याला आयुष्यात कुणी दगड मारला नव्हता. वाकण्याचा अर्थ त्याला कुठून कळणार? उलट माझं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर आलं. मी दचकून मागं सरले आणि पाठ करून दोन पावलं पळाले. तिथं चूक झाली. मुधोळचं कुत्रं नजरेनं शिकार करणारं. पळणाऱ्याच्या मागं धावणं त्याच्या रक्तात आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं ही जात जोपासली ती त्या धावण्यासाठीच. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, तेव्हा मी वर्गात मुलांना ते कौतुकानं दाखवलं होतं.

त्यानं माझी डावी पोटरी धरली.

मी छत्री उलटी करून मुठीचा फटका त्याच्या खांद्यावर मारला. त्यानं सोडलं. विव्हळत दोन पावलं मागं गेलं, शेपूट पायात घातली. आणि मी पुढं होऊन आणखी एक फटका मारला. तो त्याच्या पुढच्या पायावर बसला. काठी मोडताना येतो तसा आवाज आला. तो छत्रीच्या मुठीचा होता हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र त्याचा पाय मोडला असंच वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

तो माणूस पळत आला. आधी कुत्र्याजवळ बसला. त्याचा पाय चाचपून बघितला. मग वर बघून म्हणाला, "मुक्या जनावराला असं मारता काय ओ? शिकलेल्या दिसता."

माझ्या सलवारीवर रक्त पसरत होतं. मी काही बोलले नाही. बोलायला तोंडात पाणीच नव्हतं.

पलीकडच्या शेतात रोपं उपटणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक चिखलाच्या हातांनीच धावत आली आणि मला धरून मोटारीच्या खोलीकडं घेऊन गेली. "बसा हितं अक्का. चुना आणते. न्हाईतर तिखट भरूया, विष वडून काढतंय." तिच्या डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. तिला नको म्हणताना मला जड गेलं, पण शाळेत आरोग्याचे कार्यक्रम इतकी वर्षं घेतले होते, त्यातलं एक मला पक्कं ठाऊक होतं. चुना नाही, हळद नाही, तिखट नाही. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं. तिनं बोअरची मोटार चालू केली. कपडे धुवायची निळी वडी आणली. पाईपचं पाणी इतक्या जोरात येत होतं की पोटरी बधिर झाली. चार दातांच्या खुणा होत्या. दोन खोल, दोन नुसत्या खरचटल्यासारख्या. मी साबण लावायची, ती पाणी सोडायची. घड्याळ बघून दर थोड्या वेळानं विचारायची, "झालं काय?" मी म्हणायची, "अजून थोडं." तिची रोजगाराची वेळ माझ्यासाठी जात होती. तिचं नावसुद्धा मी त्या दिवशी विचारलं नाही.

रेबीजबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती घरोघर माहीत असायला हवी. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जे करायचं ते आधी. विषाणू जखमेतून नसांकडं जायच्या आत साबणाचं पाणी त्यातला मोठा भाग धुऊन काढतं. मग लस. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेतच तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, कारण लसीचा गुण यायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस कुणीतरी राखण करायला हवी. ते जखमेतलं इंजेक्शन फार दुखतं. मी साठीची बाई, टेबलाची कड धरून ओरडले. नर्स म्हणाली, "ओरडा टीचर, ओरडा, इथं सगळेच ओरडतात." कार्डावर तारखा लिहून मिळाल्या. आजचा दिवस शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा.

घरी येऊन पलंगावर पडले तेव्हा वडील आठवले.

माझं माहेर कडोली. मी तिसरीत असताना आमच्या काळ्या कुत्र्यानं गल्लीतल्या एका मुलाला चावलं. ते कुत्रंही तसं काही करत नव्हतं. आमच्या ताटातलं खायचं, आमच्या अंगावर झोपायचं. वडील त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला एसटीनं बेळगावला नेऊ लागले. तेव्हाची लस मेंढीच्या मेंदूपासून करत आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. (ती लस आपल्या देशात २००४ च्या शेवटी बंद झाली.) चौदाही वेळा वडील स्वतः गेले. मळ्यातली कामं पडली, भांगलणीला माणसं लावावी लागली, आईची कुरकुर झाली, तरी गेले. मुलाच्या बापाचा रोजगार बुडू नये म्हणून आपणच जायचं, एवढंच ते म्हणायचे. आणि कुत्र्याच्या गळ्यात लोढणं आलं. बाभळीचा हातभर ओंडका, दोरीनं बांधलेला. कुत्रं चालू शकायचं, पण धावायला गेलं की ओंडका पायात यायचा. मी रडले होते. वडील म्हणाले, "त्याला शिक्षा नव्हे ती. आपण विसरलो की त्याचं कुत्रेपण लोकांना भोगावं लागतं, म्हणून आठवणीला बांधलंय."

"काय करत नाही ओ ते" हे वाक्य माझ्या वडिलांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आता ते सगळीकडं ऐकू येतं. आमच्या टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान घ्या. एके काळी देशाला देवीची लस पुरवणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. आता त्या जुन्या झाडांखाली आम्ही निवृत्त माणसं चालतो. तिथंही साखळी हातात आणि कुत्रं पन्नास फुटांवर, असं रोज दिसतं. एखादी बाई घाबरून झाडाला टेकली की लांबून आवाज येतो, काय करत नाही. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला ते कुत्रं खरंच काही करत नाही. पण त्या वाक्यानं काय होतं ते बघा. कुत्र्याला आवरायचं काम मालकाचं होतं. ते वाक्य ऐकल्याबरोबर न घाबरायचं काम माझं होऊन जातं. मी घाबरले तर माझं चुकलं, मी पळाले तर माझं चुकलं, मी मारलं तर मग काय विचारायलाच नको. गेटवर तर मराठीत आणि कानडीत पाटी असते, 'कुत्र्यापासून सावध रहा', 'नायी इदे, एच्चरिके'. ती पाटी आत येणाऱ्यासाठी आहे. आत येणाऱ्याला आपण सावध करतो आणि बाहेरून जाणाऱ्याच्या अंगावर तेच कुत्रं मोकळं सोडतो.

माझा भाचा बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. तो संध्याकाळी पुस्तक घेऊनच आला. जुन्या दंड संहितेत हे कलम २८९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल आणि तो टाळण्यापुरती काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी दंड हजाराचा होता. मी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. चावलं पाहिजे असं त्यात कुठं नाही. कुत्र्यानं काय केलं हे कलम विचारतच नाही, तू काय केलंस हे मालकाला विचारतं.

त्यानं आणखी एक दाखवलं. १८६० च्या त्या संहितेत बळाचा वापर म्हणजे काय हे समजावताना एक उदाहरण कुत्र्याचंच आहे. इजा करायला किंवा भीती घालायला कुणी दुसऱ्याच्या अंगावर कुत्रं सोडलं, तर ते त्यानं स्वतः हात उगारल्यासारखंच. पुढच्या कलमात तर नुसती मुसकी सोडायला लागला तरी हमला धरलाय. पण माझ्या बाबतीत मालकानं कुत्रं मुद्दाम सोडलं नव्हतं. सोडलेलं होतं, एवढंच. आणि कुत्रं स्वतः गुन्हा करू शकत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क असं म्हणण्यापेक्षा नव्या न्याय संहितेतलं कलम १९ लागू होईल, असं भाचा म्हणाला. मोठं नुकसान टाळण्यासाठी, मनात पाप न ठेवता केलेली कृती. "मावशी, तू निश्चिंत राहा. तुला कोण काही म्हणणार नाही."

मी विचारलं, "दोन फटक्यांबद्दल पण नाही?"

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. मी त्याला दुसऱ्या फटक्याचं सांगितलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं पानं उलटली. स्वसंरक्षणात गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, हे नव्या संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे, पण ते माणसामाणसांतलं. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात प्राण्याला अनावश्यक वेदना देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. "एवढा बारीक हिशोब कोण करतंय," भाचा म्हणाला.

हिशोब मलाच करायचा होता. पहिल्या फटक्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझी पोटरी त्याच्या तोंडात होती. रस्त्यानं चालणाऱ्या माणसानं आपलं शरीर वाचवायचं नाही असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. त्या मालकालाही मी ते तोंडावर सांगेन. पण दुसऱ्या वेळी माझी पोटरी सुटलेली होती. त्याची शेपूट खाली होती. दुसरा फटका मी कुत्र्याला मारलाच नव्हता. तो दात घासत उभ्या असलेल्या त्या माणसाला होता, त्याच्या 'काय करत नाही'ला होता. बसला मात्र ज्याचा त्यात काही दोष नव्हता त्याच्या पायावर. साखळी सोडणारा सुरक्षित राहतो आणि माणूस नि कुत्रं एकमेकांना फाडतात. माझा सगळा राग आता या गोष्टीवर आहे.

गेली दोन वर्षं कुत्र्यांवरून देशभर वाद चाललेत. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं तेवीस जातींवर बंदीचं पत्रक काढलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांची चर्चा घराघरांत झाली. मला चावलेल्या कुत्र्याची जात त्या यादीत नव्हती आणि ते भटकंही नव्हतं. त्याला घर होतं, नाव होतं, मालक होता.

मालकाकडं लसीचं कार्ड मागितलं तर ते सापडत नव्हतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, लस तर सुरू केलीच आहे, पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. चावताना लाळेत विषाणू असतील तर कुत्रं सहसा दहा दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर घोर मिटला. अशी ही गोष्ट आहे. ज्याचा पाय मोडावा असं मला क्षणभर वाटलं होतं, ते जगावं म्हणून दहा दिवस मी देवापुढं दिवा लावला.

एक दिवसाआड मी त्या गेटपर्यंत जात होते. लंगडत. भाचा म्हणायचा, मी बघून येतो. पण मलाच बघायचं होतं. पहिल्या दिवशी मालकानं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी तो घरी नव्हता, त्याची आई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. पोरानं कुत्रं आणलं, पोरगं कामाला जातंय, दिवसभर ते हिच्या गळ्यात. "साखळी धरली की मलाच वडून पाडतंय ओ. दोन वेळा पडले. मग म्हटलं, सोडा सकाळचं थोडं, दमलं की गप बसतंय." तिनं पदर सरकवून कोपराचा व्रण दाखवला. मी माझी पोटरी दाखवली. आम्ही दोघी गेटच्या दोन बाजूंना उभ्या होतो. कुत्र्याचं नाव बादल असल्याचं मला तिच्याकडून कळलं.

"पाय कसा हाय त्याचा?" मी विचारलं.

"सुजलाय. टेकतोय आता."

मी म्हटलं, "एक फटका मी नको होता मारायला. तो मागं गेला होता."

तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. "पोराला सांगते," म्हणाली. काय सांगणार ते तिनं सांगितलं नाही. तिनं बादलला आवरायला हवं होतं, पोरानं बाहेर जाताना त्याची सोय लावून द्यायला हवी होती, गेट बंद असायला हवं होतं, हे सगळं माझ्या ओठांवर होतं. त्यातलं गेटचं तेवढं बोलले.

पोलिसांत मी तक्रार दिली नाही. काहींनी त्याबद्दल मला बोलून घेतलं, आणि ते चूक आहेत असं मला वाटत नाही. उद्या तिथून शाळेची पोरं जातील. तक्रार लिहून ठेवली आहे, तारीख घातलेली नाही. गेट पुन्हा उघडं दिसलं तर मी थांबणार नाही, हे मी त्या मालकाला आठव्या दिवशी समोर उभं राहून सांगितलं. त्यानं मान हलवली. माफी मागितली नाही. दवाखान्याचा खर्च विचारला, मी आकडा सांगितला, आणि त्यानं तो दिला.

दहाव्या दिवशी पाऊस उघडला होता. शिवारात लावणी उरकली होती, कोवळी रोपं पाण्यात उभी होती. चिखलाच्या हातांची ती बाई बांधावर दिसली, तिनं हात केला. मी नाव विचारायला म्हणून वळणार होते, तेवढ्यात गेटमागं हालचाल झाली. बादल ओसरीवर पडला होता. मला बघून उठला. भुंकला नाही. पुढचा डावा पाय जपून टाकत पायऱ्या उतरला आणि नळाखालच्या घमेल्याशी गेला. मी गेटचे गज धरून उभी राहिले. पिसाळलेलं कुत्रं पाणी गिळू शकत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं घमेल्यात तोंड घातलं. लप लप लप, जिभेचा आवाज येत राहिला. पाणी खाली खाली जात होतं. त्याच्या बरगड्या हलत होत्या, नरड्यातून घोट उतरताना दिसत होता. तळ दिसेपर्यंत मी तिथून हलले नाही.

गेटला नवी कडी होती. साखळी मात्र ओसरीच्या खांबाला खिळ्यावर तशीच अडकवलेली होती.